हेडर लिहिण्याचा अधिकार

वेबवरील पान उघडण्याच्या व्यवहाराची सुरुवात ब्राउझरने सर्व्हरकडे पाठवलेल्या विनंतीने होते, आणि कोणते पान हवे हे विनंतीच्या पहिल्या ओळीत सांगून झाल्यावर तिच्याखाली आणखी काही ओळी येतात. प्रत्येक ओळीत आधी एक ठरलेले नाव, मग अपूर्णविराम आणि त्यापुढे एखादे मूल्य अशी मांडणी असते. अशा ओळीला हेडर म्हणतात. कोणत्या भाषेतला मजकूर चालेल, ब्राउझर कोणता आणि कितव्या आवृत्तीचा आहे, वापरकर्ता आधीच्या कोणत्या पानावरून इथे आला, मागच्या भेटीत सर्व्हरने सांभाळायला दिलेली कुकी कोणती, ही सारी माहिती या ओळींतून जाते. आधीचे पान सांगणाऱ्या हेडरच्या इंग्रजी नावात एक अक्षर कमी पडले आहे. अशा विनंत्यांचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात ती चूक तशीच राहून गेली आणि आज जगातले सगळे ब्राउझर ती इमानेइतबारे करतात, कारण इतक्या यंत्रांत मुरलेली चूक सुधारण्यापेक्षा पाळणे स्वस्त पडते. पान उघडणाऱ्या माणसाला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याच्या नावाने जाणारा मजकूर दुसराच कोणीतरी लिहीत असतो, आणि तो ‘दुसरा’ नेमका कोण हा या प्रकरणाचा विषय आहे.

बहुतेक हेडर वापरकर्त्याविषयी काही ना काही उघड करतात, तर खासगीपणाचे हेडर त्याच्या वतीने काही मागतात. असे दोन हेडर विशेष गाजले. ‘डीएनटी: १’ ही ओळ ‘डू नॉट ट्रॅक’ची, म्हणजे माझा माग काढू नका असे सांगणारी; ‘सेक-जीपीसी: १’ ही ओळ ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ची, म्हणजे माझी माहिती विकू नका आणि इतर कंपन्यांना जाहिरातींसाठी देऊ नका असे सांगणारी. दोन्हींमध्ये स्वतःचे असे तांत्रिक बळ काही नाही. ही ओळ मिळाल्यावर सर्व्हरचे काम अडत नाही, कुकी थांबत नाही, पानातली पाळत ठेवणारी स्क्रिप्ट बंद पडत नाही. सर्व्हरच्या मालकाने ती मानली तरच तिचा उपयोग. त्यामुळे या ओळीची सगळी भिस्त तिच्या विश्वासार्हतेवर असते: ही मागणी खरोखर वापरकर्त्याची आहे, मधल्या कोणी परस्पर घुसडलेली नाही, हे मान्य झाले तरच समोरच्याला ती टाळण्यास सबब उरत नाही.

डू नॉट ट्रॅकची कल्पना टेलिफोनवरून आली. अमेरिकेत २००३ साली नको असलेल्या विक्रीच्या फोनकॉलपासून सुटकेसाठी ‘डू नॉट कॉल’ नावाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. भारतात तशीच नोंदवही २००७ मध्ये आली आणि १९०९ या क्रमांकावरची ‘डीएनडी’ म्हणून ती आज घरोघरी माहीत आहे. त्याच २००७ साली अमेरिकेतील ग्राहक-हक्कांच्या संघटनांनी तेथील फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या आयोगाकडे, वेबसाठीही अशी सोय मागितली. अडचण अशी होती की फोनला क्रमांक असतो आणि नोंदवहीत तो टिपता येतो, परंतु वेबवर फिरणाऱ्या माणसाला असा कायमचा क्रमांक नसतो, आणि नोंदणीसाठी म्हणून त्याला तो दिला तर माग काढणाऱ्यांच्याच हाती आयते साधन पडते. नोंदवही बाजूला ठेवून प्रत्येक विनंतीसोबत इच्छा कळवावी हा तोडगा यातून निघाला. २००९ मध्ये क्रिस्टोफर सोघोयन आणि सिड स्टॅम यांनी फायरफॉक्ससाठी तसा प्राथमिक नमुना तयार केला, जानेवारी २०११ मध्ये मोझिलाने ही सोय अधिकृतपणे जाहीर केली आणि मार्चमधल्या फायरफॉक्स ४ मध्ये ती आली. त्याच वर्षी सप्टेंबरात वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने त्यासाठी कार्यगट नेमला, ज्यात ब्राउझर कंपन्या, जाहिरात व्यवसायाचे प्रतिनिधी आणि खासगीपणाचे पुरस्कर्ते एकत्र बसले. एकत्र बसले एवढेच. ‘माग काढणे’ म्हणजे नेमके काय यावरच त्यांची वर्षे गेली.

हेडर लिहिण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे पुढे आला तो मे २०१२ च्या अखेरीस. मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की इंटरनेट एक्स्प्लोररच्या दहाव्या आवृत्तीत डू नॉट ट्रॅक मुळातच चालू असेल. वरकरणी हे वापरकर्त्याच्या हिताचे होते. जाहिरात कंपन्यांनी मात्र लगेच मुद्दा काढला की आपण वापरकर्त्याची इच्छा मानायला तयार झालो होतो, मायक्रोसॉफ्टची नव्हे; जी खूण कोणी मुद्दाम केलेली नाही ती कोणाची इच्छा कशी म्हणावी? या वादात रॉय फील्डिंग यांनी घेतलेली भूमिका आजही अभ्यासण्याजोगी आहे. फील्डिंग हे एचटीटीपीच्या मानकाचे एक लेखक, डू नॉट ट्रॅकच्या मसुद्याचे एक संपादक आणि अपाची या त्या काळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वेबसर्व्हरच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी अपाचीसोबत येणाऱ्या नमुना-मांडणीत अशी भर घातली की विनंती इंटरनेट एक्स्प्लोरर १० कडून आली असेल तर तिच्यातला डीएनटी हेडर सर्व्हरने काढून टाकावा. म्हणजे ब्राउझरने लिहिलेली ओळ सर्व्हरने वाचण्यापूर्वीच पुसायची, आणि तीही मूळ मानकाची शुद्धता राखण्यासाठी. त्यावर एवढा गदारोळ झाला की ती भर पुढे मागे घ्यावी लागली. परंतु याहूने त्याच वर्षी एक्स्प्लोरर १० ची खूण मानणार नाही असे सांगून टाकले आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच माघार घेतली.

फील्डिंग यांचा तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. ज्याने ब्राउझरमधले कोणतेच बटण कधी दाबलेले नाही त्याची इच्छा ‘माग काढू नका’ अशी गृहीत धरता येत नाही, हे खरे. मग ती ‘खुशाल माग काढा’ अशी तरी का गृहीत धरावी, याचे उत्तर त्यांच्या बाजूने कोणी दिले नाही. पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जाहिरातदारांची संघटना २०१३ मध्ये कार्यगटातून बाहेर पडली, जानेवारी २०१९ मध्ये कार्यगटच गुंडाळला गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या १३५ व्या आवृत्तीतून हा पर्याय गेला. 

डू नॉट ट्रॅक काढून टाकण्यात फायरफॉक्सच्या आधी नंबर लागला तो सफारीचा, आणि त्यामागचे कारण तांत्रिक होते. ब्राउझरच्या अनेक लहानमोठ्या लकबी, जसे पडद्याची मापे, बसवलेले फाँट, आवृत्तीचा क्रमांक, एकत्र करून कुकीशिवायही माणूस ओळखता येतो. या पद्धतीला फिंगरप्रिंटिंग, म्हणजे बोटांच्या ठशांसारखी ओळख काढणे, असे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४.७ लाख ब्राउझरांचे ठसे तपासले तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर आपापल्या ठशामुळे एकमेवाद्वितीय ठरले होते. अशा ओळखीचे माप बिटांत करतात: एक बिट माहितीने संशयितांची संख्या निम्मी होते, आणि अशा ३३ बिटांत पृथ्वीवरील कोणताही एक माणूस वेगळा काढता येतो. आता शंभरांपैकी एकच वापरकर्ता डीएनटी पाठवत असेल, तर त्या एकाविषयी ही ओळ सुमारे ६.६ बिट माहिती देऊन जाते. माग काढू नका असे सांगणारी ओळच माग काढायला उपयोगी पडते, म्हणून ॲपलने २०१९ मध्ये सफारीच्या १२.१ आवृत्तीतून ती काढली. या गणिताची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. एखाद्या ब्राउझरचा प्रत्येक वापरकर्ता ती ओळ पाठवत असेल आणि ब्राउझरचे नाव दुसऱ्या हेडरमधून तसेही कळत असेल, तर ही ओळ नव्याने काहीच उघड करत नाही. विखुरलेल्या मूठभरांनी पाठवलेली खूण धोक्याची ठरते; एका ब्राउझरने सर्वांसाठी सरसकट पाठवलेली खूण तशी ठरत नाही.

ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल जन्माला आले ते डू नॉट ट्रॅकच्या राखेतून, आणि दोहोंतला मुख्य फरक कायद्याचा आहे. कॅलिफोर्नियाचा ग्राहक-खासगीपणाचा कायदा १ जानेवारी २०२० रोजी अमलात आला. आपली माहिती विकू नका असे कंपनीला सांगण्याचा हक्क त्याने ग्राहकाला दिला, आणि त्याच्या नियमांनी हे सांगणे ब्राउझरमधल्या एकाच खुणेने करता येईल अशी वाट मोकळी ठेवली. फेडरल ट्रेड कमिशनचे माजी मुख्य तंत्रज्ञ अश्कन सोलतानी आणि वेस्लियन विद्यापीठातील सेबॅस्टियन झिमेक यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी ऑक्टोबरात या नव्या हेडरची घोषणा झाली. ब्रेव्ह, डकडकगो, मोझिला यांच्यासह काही मोठी वृत्तपत्रेही त्यात सामील होती. डीएनटीमध्ये होकार, नकार आणि मौन अशा तीन अवस्था होत्या, जीपीसीने फक्त १ हेच एक मूल्य ठेवले आणि वादाची निम्मी जागा बंद केली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीशी १२ लाख डॉलरची तडजोड केली, आणि कंपनीवरील आरोपांत ही खूण न मानल्याचा आरोप प्रमुख होता. ज्या ओळीला दहा वर्षे कोणी विचारत नव्हते, त्याच जातीच्या एका ओळीला आता दंडाचे बळ आले.

इंटरनेट एक्स्प्लोरर १० चा जुना प्रश्न कोलोरॅडो राज्याने आपल्या नियमांत ज्या रीतीने सोडवला, ती रीत या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल. उपकरणासोबत आधीच बसवून आलेल्या साधनात अशी खूण मुळातच चालू ठेवली तर ती ग्राहकाची निवड मानता येत नाही. परंतु खासगीपणा जपणारे साधन अशी ज्याची जाहिरात आहे ते ग्राहकाने स्वतःहून निवडून बसवले असेल, तर ते साधन वापरणे हीच त्याची निवड मानली जाते आणि पुढे वेगळे बटण दाबण्याची गरज राहत नाही. म्हणजे फोनसोबत आलेल्या ब्राउझरपेक्षा वापरकर्त्याने शोधून घेतलेल्या त्रयस्थ ब्राउझरच्या शब्दाला कायदा जास्त वजन देतो. (या विषयात त्रयस्थ दोन प्रकारचे असतात: पानात परक्या सर्व्हरवरून येणारे जाहिरातदार आणि फोन किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीखेरीज इतरांनी केलेले ब्राउझर. इथे पुढे हा शब्द दुसऱ्या अर्थानेच वापरला आहे.) कायद्याने ज्याच्या शब्दाला वजन दिले त्याच्या हाती लेखणी आहे का, हे पाहायचे तर ब्राउझरच्या आत डोकवावे लागते.

ब्राउझरचे दोन भाग असतात. पत्त्याची पट्टी, टॅब, बुकमार्क, सेटिंग हे सारे वरचे अंग. आणि पान मागवणे, त्याचा कोड वाचणे, स्क्रिप्ट चालवणे, पडद्यावर पान रेखाटणे ही कामे करणारे आतले इंजिन. आज मुख्य इंजिने तीनच आहेत: ॲपलचे वेबकिट, गूगलच्या पुढाकाराने चालणारे ब्लिंक आणि मोझिलाचे गेको. हेडर लिहिण्याचे काम इंजिनाच्या नेटवर्क भागात होते. डेस्कटॉपवर ब्राउझर करणाऱ्याला यात अडचण येत नाही. ब्लिंकचा सोर्स कोड खुला आहे, ब्रेव्ह या ब्राउझरने तो घेऊन त्यात आपली दुरुस्ती केली आणि २०२० पासूनच हा ब्राउझर प्रत्येक वापरकर्त्यासाठी सेक-जीपीसीची ओळ पाठवतो. ज्या ब्राउझरमध्ये सोय नाही त्यातही एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवून काम भागते.

आयफोनवर मात्र गोष्ट वेगळी आहे. ॲप स्टोअरच्या नियमांनुसार वेब दाखवणाऱ्या ॲपने वेबकिटच वापरायचे असते. २०१२ मध्ये आयफोनवर आलेले क्रोम काय किंवा २०१५ मध्ये आलेले फायरफॉक्स काय, दोन्हींच्या आत ॲपलचेच इंजिन आहे. नाव, रंग आणि बटणे तेवढी ज्याची त्याची. भारतातही हाच नियम लागू आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशी वेब ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि तिचे पहिले, एक कोटी रुपयांचे बक्षीस २०२५ मध्ये झोहो कंपनीला मिळाले, ज्यांचा ‘उला’ हा ब्राउझर खासगीपणावर भर देतो. संगणकावरचा उला क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या सोर्स कोडवर, उभा असल्यामुळे तिथे हवा तो हेडर पाठवणे त्याच्या हाती आहे. तोच उला आयफोनवर उतरतो तेव्हा वेबकिटच्या चौकटीत येतो. देशी ब्राउझरची चर्चा करणाऱ्यांनी ही मर्यादा फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

ही चौकट नेमकी कुठे टोचते हे एका पानाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. वाचकाने बातमीच्या दुव्यावर बोट टेकवले की पहिली विनंती वृत्तपत्राच्या सर्व्हरकडे जाते आणि पानाचा सांगाडा परत येतो. त्या सांगाड्यात चित्रे, फाँट, स्क्रिप्ट, व्हिडिओ यांचे पत्ते असतात, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी इंजिन आपणहून नवी विनंती पाठवते. बातमीच्या आधुनिक पानात अशा उपविनंत्या शंभराच्या पुढे सहज जातात. त्यातल्या अनेक वृत्तपत्राकडे न जाता जाहिरातींचे लिलाव चालवणाऱ्या, वाचकांची मोजदाद करणाऱ्या आणि माहितीचा साठा करणाऱ्या परक्या सर्व्हरांकडे जातात. कधी तर एका बिंदूएवढे, डोळ्याला न दिसणारे चित्र मागवले जाते आणि त्या मागणीसोबत गेलेल्या कुकीवरून वाचकाची नोंद होते.

आयफोनवर ॲपमध्ये वेब दाखवण्यासाठी २०१४ पासून डब्ल्यूकेवेबव्ह्यू नावाचा घटक वापरतात. त्याच्या आधीच्या यूआयवेबव्ह्यू या घटकात ॲपला इंजिनाच्या विनंत्या वाटेत अडवून त्यात फेरफार करता येत असे. नव्या घटकात पान आणि नेटवर्क यांची कामे ॲपबाहेरच्या स्वतंत्र प्रक्रियांत हलवली गेली. सुरक्षितता आणि वेग या दोन्ही दृष्टींनी तो निर्णय योग्यच होता, परंतु त्यामुळे ॲपचा हात विनंत्यांपर्यंत पोचेनासा झाला. ॲपला स्वतः सुरू केलेल्या पहिल्या विनंतीत हेडर घालता येतो. त्यानंतर पानाने मागवलेल्या उपविनंत्यांत हेडर घालण्याची सार्वजनिक सोय या घटकाच्या पहिल्या दशकात तरी मिळाली नाही. विनंती साफ रोखण्याचे किंवा तिच्यातली कुकी काढून घेण्याचे नियम ॲपला इंजिनाकडे देता येतात. रोखण्याइतका अधिकार आहे आणि एक ओळ जोडण्याइतका नाही, अशी ही विचित्र वाटणी आहे.

म्हणून आयफोनवरील त्रयस्थ ब्राउझरांना आडवाटेने जावे लागते. वाचकाने दुव्यावर टेकवले की इंजिन ॲपला विचारते की या पत्त्यावर जाऊ द्यायचे का. त्या क्षणी ॲपने नकार द्यायचा आणि त्याच पत्त्याची नवी विनंती सेक-जीपीसीची ओळ जोडून स्वतः पाठवायची. साध्या दुव्यांना हे चालते. वाचकाने फॉर्म भरून पाठवलेला असेल तर त्यातला मजकूर ॲपच्या हाती येईलच याची खात्री नसते, त्यामुळे अशी विनंती रद्द करून पुन्हा पाठवणे धोक्याचे ठरते. दुसरी आडवाट स्क्रिप्टची आहे. जीपीसीच्या मसुद्यात हेडरसोबत जावास्क्रिप्टमधून वाचता येणारी एक खूणही सांगितली आहे, आणि ती पानात आणि पानातल्या उपचौकटींत घालणे ॲपला शक्य असते. पण बिंदूएवढे चित्र पुरवणारा सर्व्हर वाचकाच्या यंत्रावर कोणतीही स्क्रिप्ट चालवत नाही. त्याला जे काही कळायचे ते हेडरमधूनच, आणि तिथे ओळ कोरी राहते.

एक आक्षेप इथे नोंदवणे न्याय्य ठरेल. कायद्याचे बंधन मुख्यतः वृत्तपत्रासारख्या मूळ संकेतस्थळावर असते. त्याला पहिल्या विनंतीत खूण मिळाली की पुढच्या जाहिरातदारांना ती कळवणे हे त्याचे काम, मग उपविनंत्यांचा एवढा आग्रह कशासाठी? या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यामुळेच अर्धवट पाठवलेली खूणही निरुपयोगी ठरत नाही. तथापि तीच खूण परक्या सर्व्हरांना थेट मिळाली तर मूळ संकेतस्थळाच्या हलगर्जीपणावर सारे अवलंबून राहत नाही, आणि ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ हा बचावही त्यांना उरत नाही. सेफोरा प्रकरणात वादाचे मूळ होते ते संकेतस्थळावर बसवलेल्या अशाच परक्या मागकाढूंमध्ये.

अँड्रॉइडवर स्वतःचे इंजिन आणण्याला मनाई नाही, म्हणून तिथे फायरफॉक्स गेकोवर चालतो, आणि मोझिलाने इतर ॲपकर्त्यांना दिलेल्या गेकोव्ह्यू या घटकात जीपीसी चालू-बंद करण्याची कळही आहे. मात्र ज्यांनी अँड्रॉइडचा तयार वेबव्ह्यू घटक वापरला त्यांच्या वाट्याला वेगळीच गंमत आली. हा घटक वर्षानुवर्षे विनंत्यांसोबत एक जादा हेडर पाठवत आला, ज्यात ॲपचे अधिकृत पॅकेज-नाव असते. वाचक कोणत्या ॲपमधून पान पाहतो आहे हे त्यामुळे प्रत्येक सर्व्हरला कळते, मग ते ॲप एखाद्या आजाराविषयीचे असो की विवाह जुळवण्याचे. टीका झाल्यावर गूगलने २०२३ च्या सुमारास हा हेडर कमी करण्याच्या दिशेने पावले टाकली. खासगीपणा मागणारी ओळ ॲपकर्त्याला घालता येत नाही आणि खासगीपणा उघडा करणारी ओळ आपोआप जाते, या दोन उदाहरणांत एकच गोष्ट दिसते: इंजिन ज्याचे, हेडर त्याचे.

तरीही त्रयस्थ ब्राउझरांना सर्व हेडरांवर मोकळा हात द्यावा असा निष्कर्ष यातून काढणे घातक ठरेल. दुसऱ्याच्या विनंतीत ओळ घालण्याची मुभा कशी वापरली जाते याचे उदाहरण अमेरिकेतील व्हेरायझन या मोबाइल कंपनीने घालून दिले. २०१२ च्या अखेरीपासून ती आपल्या ग्राहकांच्या एन्क्रिप्शन नसलेल्या विनंत्यांत वाटेतच ‘एक्स-यूआयडीएच’ नावाचा हेडर घालत होती, ज्यात ग्राहकाचा खास ओळखक्रमांक असे. कुकी पुसली तरी तो पुसला जात नसे, आणि एका जाहिरात कंपनीने त्याच्या आधारे पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत केल्याचे उघडकीस आले. हे प्रकरण २०१४ मध्ये गाजले आणि २०१६ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कंपनीकडून १३.५ लाख डॉलर दंड घेतला. कोणत्याही ॲपला प्रत्येक उपविनंतीत हवा तो मजकूर घालता आला, तर ब्राउझर म्हणवणारी शेकडो ॲप हेच करू लागतील यात शंका नाही. इंजिनाचे मालक सुरक्षिततेचे कारण पुढे करतात तेव्हा ते सर्वस्वी बहाणा करत नसतात.

परंतु हा धोका टाळण्याचा उपाय खुद्द हेडरच्या नावातच आहे. ‘सेक-’ या उपसर्गाने सुरू होणारे हेडर पानातल्या स्क्रिप्टला लिहिता येत नाहीत, असे वेबच्या मानकाने ठरवून दिले आहे; डीएनटीचे नावही निषिद्ध हेडरांच्या त्याच यादीत आहे. म्हणजे ही ओळ आली याचा अर्थ ती संकेतस्थळाने घातलेली नाही. हीच शिस्त पुढे नेऊन इंजिनाने ब्राउझरकर्त्याला केवळ एक कळ द्यावी: सेक-जीपीसी पाठवायचा किंवा नाही, मूल्य ठरलेले, नाव ठरलेले, मध्ये काही लिहायला जागाच नाही. एका बिटाच्या या अधिकारात ओळखक्रमांक लपवता येत नाही. गेकोव्ह्यूने नेमके असेच केले आहे, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असे म्हणता येणार नाही. सफारीने जी ओळ स्वतः पाठवायची नाही असे ठरवले ती आपल्याच इंजिनावरच्या प्रतिस्पर्ध्याला पाठवू द्यायची का, हा प्रश्न धोरणाचा आहे आणि स्पर्धेचाही.

स्पर्धेच्या कायद्यांनी या कोंडीवर दुसऱ्या बाजूने हात घातला. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे ॲपलला मार्च २०२४ मध्ये, आयओएसच्या १७.४ आवृत्तीपासून, युरोपपुरती इतर इंजिने स्वीकारावी लागली. ही मुभा त्या भूभागापुरतीच असल्यामुळे ब्राउझर कंपनीला एकाच फोनसाठी दोन वेगळे ब्राउझर सांभाळावे लागतील, अशी तक्रार मोझिलाने लगेच केली. जपाननेही पुढे तसाच कायदा केला. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, वेगळ्या पायावर उभा आहे: त्यात आधी संमती घ्यायची आहे, ती देण्याइतक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे, आणि त्यासाठी ‘संमती व्यवस्थापक’ नावाच्या नोंदणीकृत मध्यस्थाची तरतूद आहे. ब्राउझरमधून जाणाऱ्या हेडरचा त्यात उल्लेख नाही. संमती मागे घेण्याची सर्वात सोपी जागा ब्राउझरच आहे, हे लक्षात घेता ही उणीव पुढेमागे भरावी लागेल.

कॅलिफोर्नियाने मात्र रोख थेट ब्राउझरकडे वळवला. ब्राउझर आणि मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टीम या दोन्हींवर अशा खुणेची सक्ती करणारे विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नाकारले होते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमवर सक्ती नको हा त्यांचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीम वगळून केवळ ब्राउझरपुरते विधेयक आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर त्यांची सही झाली. त्या वेळी क्रोम, एज आणि सफारी या तिन्ही मोठ्या ब्राउझरांत ही सोय अंगभूत नव्हती. कायदा १ जानेवारी २०२७ पासून लागू होतो, आणि ब्राउझर विकसित करणाऱ्या किंवा चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वापरकर्त्याला अशी खूण पाठवण्याची सोय दिली पाहिजे असे तो म्हणतो. आयफोनवरचा त्रयस्थ ब्राउझर या व्याख्येत बसतो. त्याच्या विनंत्या ज्या नेटवर्क-प्रक्रियेतून बाहेर पडतात ती मात्र त्याची नाही. सफारीसाठी म्हणून वेबकिटला ही ओळ लिहायला शिकावे लागेल. शिकवलेली ती कळ डब्ल्यूकेवेबव्ह्यूच्या सार्वजनिक पर्यायांतही दिली जाते की सफारीपुरतीच ठेवली जाते, यावर जबाबदारी एकाकडे आणि हत्यार दुसऱ्याकडे ही स्थिती राहणार की संपणार हे ठरेल.